सायबरडेक

सुटे भाग जमवून, स्वतःच्या गरजेप्रमाणे घरी जुळवलेला आणि सोबत नेता येणारा संगणक. नाव विज्ञानकथांमधून आले. विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीतला नायक ‘डेक’ नावाच्या यंत्रावरून संगणकांच्या जाळ्यात शिरतो. गंमत म्हणजे गिब्सन यांनी ती लिहिली साध्या टाइपरायटरवर.

दिसायला हे डेक आजच्या लॅपटॉपपेक्षा १९८१ च्या ऑस्बोर्न-१ ला जवळचे. तो कारखान्यात बनलेला संगणक शिवणयंत्राच्या पेटीसारखा, सुमारे ११ किलो वजनाचा होता. पडदा जेमतेम ५ इंची आणि आत बॅटरीच नाही.

हौशी मंडळींची खरी सोय झाली ती २०१२ मध्ये. केंब्रिजहून आलेल्या रास्पबेरी पाय या ३५ डॉलरच्या, एटीएम कार्डाएवढ्या बोर्डावर पडदा, कीबोर्ड आणि मेमरी कार्ड जोडले की संगणक सुरू होई. त्याआधी लॅपटॉपचा मदरबोर्ड काढून वापरावा लागे, आणि तो ज्या खोक्यासाठी घडवलेला असे त्याखेरीज कुठे नीट बसत नसे.

अमेरिकेतील जे डॉशर यांचा ‘रिकव्हरी किट’ (२०१९) हा या छंदातला बहुधा सर्वाधिक नक्कल झालेला नमुना. इंटरनेट बंद पडले तरी उपयोगी पडावा म्हणून त्यांनी रास्पबेरी पाय, पडदा आणि कीबोर्ड पाणी न शिरणाऱ्या पेलिकन पेटीत बसवले आणि थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या भागांचे आराखडे सर्वांना खुले केले. अँड्र्यू हुआंग आणि शॉन क्रॉस यांनी ‘नोवेना’ या संगणकासाठी (२०१४) मदरबोर्डच स्वतः आखला. बर्लिनच्या ‘एमएनटी रिफॉर्म’ या लॅपटॉपमध्ये बॅटरीचे आठ सुटे सेल असतात, खराब झालेला सेल वापरणारा स्वतः बदलू शकतो.

घोडे अडते ते बहुधा विजेपाशी. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ अँपिअर. लिथियम-आयन सेल मात्र सरासरी ३.७ व्होल्टच देतो, म्हणून दाब वाढवणारे सर्किट मध्ये घालावे लागते. बारीक, लांब तारेतही दाब घटतो आणि तो साधारण ४.६३ व्होल्टखाली गेला की बोर्ड इशारा देतो. सोपा मार्ग पॉवर बँकेचा; पण चार्जरची पिन लावताच काही पॉवर बँका क्षणभर वीज तोडतात आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सुटे ‘१८६५०’ आकाराचे लिथियम सेल वापरायचे तर संरक्षक सर्किट हवेच, आणि सेलवर थेट सोल्डर करू नये. शॉर्ट झालेला सेल पेट घेऊ शकतो.

उष्णतेचाही विचार आधीच करावा लागतो. बंद पेटीत चिप ८० अंश सेल्सिअसला पोहोचली की वेग कमी करते, आणि पीएलए प्लास्टिकचे छापील भाग तर साधारण ६० अंशांनाच मऊ पडतात. पंख्याला जागा न ठेवलेली देखणी पेटी म्हणून फोटोपुरतीच.

अधिक ताकद हवी असेल तर फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड सुटा मिळतो. तो बॅटरीशिवायही चालतो आणि २०२२ मध्ये कंपनीने त्याच्या मापांचे आराखडे प्रसिद्ध केले. तारा, कनेक्टर, स्विच यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ आहेच.

पडदा, कीबोर्ड, बॅटरी आणि फसलेले भाग धरले तर सायबरडेक जुन्या लॅपटॉपपेक्षा सहसा महागच पडतो. पैसे वाचवायचे असतील त्याने जुना लॅपटॉप घ्यावा.