'उंबरठा' आणि मागे राहिलेली मुलगी
'उंबरठा' (१९८२) : दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर, आधार शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी. सुलभा (स्मिता पाटील) लहान मुलीला सासरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. परतते तेव्हा मुलगी दुरावलेली असते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समीक्षेचा भर मात्र पती-पत्नीचे नाते आणि स्त्रीचे स्वत्व यांवर राहिला. मुलीच्या बाजूने विचार फारसा झाला नाही, आणि ही उणीव मोठी आहे. पेद्रो अल्मोदोवार यांच्या 'ताकोनेस लेहानोस' (१९९१) या स्पॅनिश मेलोड्रामाच्या केंद्रस्थानी नेमकी तीच बाजू आहे : गाण्याच्या कारकिर्दीसाठी परदेशी गेलेली आई पंधरा वर्षांनी परतते. स्पेनमधील समीक्षकांचे मत त्याविषयी विभागलेले होते. फ्रान्समध्ये त्याला सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपटाचा सेझार पुरस्कार (१९९३) मिळाला.