नाण्याच्या मागच्या बाजूची बाई

रोमन नाणी जमवणाऱ्यांचा आधारग्रंथ म्हणजे 'रोमन इम्पीरिअल कॉइनेज'. त्याचा पहिला खंड १९२३ साली लंडनमध्ये निघाला. त्याच वर्षी, त्याच शहरात बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. रुपया घसरला तर नफा कोणाचा आणि झळ कोणाला, हे बाबासाहेब विचारतात. पहिल्या ग्रंथाची मांडणी मात्र सम्राटवार आहे. संग्राहकही तसाच विचारतो : नाणे कोणत्या सम्राटाचे?

आता एक नाणे बघा. इ.स. ७१, सम्राट व्हेस्पेशियन. नाण्याचे नाव सेस्टर्टियस. (धातू खरे तर पितळ, पण संग्राहक ब्राँझच म्हणतात.) पुढे सम्राटाचा चेहरा. मागे खजुराचे झाड, त्याखाली मान खाली घालून बसलेली ज्यू बाई, आणि अक्षरे 'जुडिया काप्टा', म्हणजे जुडिया जिंकला.

जिंकला? जुडिया तर इ.स. ६ पासूनच रोमच्या ताब्यात होता! ६६ साली तिथल्या लोकांनी बंड केले, ७० साली रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. यादवी युद्धातून गादीवर आलेल्या व्हेस्पेशियनला मोठा विजय दाखवायचा होता. म्हणून आपल्याच प्रजेला चिरडणे हा दिग्विजय ठरला. सोन्याची नाणी श्रीमंतांच्या पेटीत राहत. ही ब्राँझची रोजच्या बाजारात फिरत. भाकरी घेताना प्रत्येकाच्या हातात ती रडणारी बाई. प्रचार असा चालतो.

पण याला उत्तर मिळाले. १३२ साली बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी पुन्हा बंड केले. त्यांनी चलनातली जुनी नाणी घेतली, ब्राँझच्या नाण्यांवरचा सम्राट कानशीने घासून काढला आणि त्यांवर आपले खजुराचे झाड, द्राक्षाचे पान, आपल्या प्राचीन लिपीतली अक्षरे ठोकली. तेच झाड, पण आता त्याखाली कैदी नाही. चांदीची नाणी ते न घासताच ठोकत, त्यामुळे काहींवर जुनी रोमन अक्षरे आजही डोकावतात. १३५ साली हे बंडही रोमने रक्तात बुडवले.

आपल्यातल्या ज्या तरुणांना नाण्यांचा नाद आहे, त्यांना एवढेच सांगणे : नाणे आधी उलटे करून बघा. आणि विकणाऱ्याला ते कुठे सापडले हेही विचारा. डिटेक्टर लावून रातोरात उकरलेल्या नाण्यावर सम्राटाचे नाव शाबूत राहते. ते कोणाच्या घरात, कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते, ते मात्र मातीबरोबर जाते.