रिकाम्या जिरेटोपाची नाटके

ऐतिहासिक नाटक म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्यापुढे जिरेटोप, अंगरखा आणि पल्लेदार स्वगत उभे राहते. दोष त्याचा नाही. वर्गात सांगितली जाणारी परंपरा विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’पासून (१८६१) निघते, खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’पाशी (१९०९) रेंगाळते आणि वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पाशी (१९६२) बहुधा थांबते. फार तर ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) पुढे जोडले जाते, तेही लोकनाट्याच्या प्रकरणात. त्यानंतर मराठी नाटककारांनी इतिहासाचे काय केले, हे या प्रकरणातून कळत नाही. ते कळावे म्हणून अलीकडची काही नाटके सुचवावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

कानेटकरांनी शिवाजीमहाराजांना बाप म्हणून पाहिले, संभाजीराजांना मुलगा म्हणून. मखरातली मूर्ती त्यांनी माणसांत आणली, हे श्रेय त्यांचेच. पण नाटक गडावरच राहिले. गडाखालच्या माणसाला या घरगुती दुःखाचा प्रेक्षक होण्यापलीकडे काम नव्हते. तेंडुलकरांनी आपले नाटक ऐतिहासिक नाही असेच बजावले होते. तरीही नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाल्याची ओरड झाली, १९ प्रयोगांनंतर ते थांबवले गेले आणि मूळ संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ साली थिएटर अॅकॅडमी स्थापन केली. नाटक ऐतिहासिक आहे की नाही, हे नाटककार एकटा ठरवीत नाही, असा त्याचा अर्थ. इतिहास आपल्या मालकीचा आहे असे मानणारे लोक प्रेक्षागृहात आणि बाहेरही बसलेले असतात.

शफाअत खान यांचे ‘शोभायात्रा’ या मालकीकडेच पाहते. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची मिरवणूक निघायची आहे आणि तीत गांधी, नेहरू, टिळक, सुभाषबाबू, झाशीची राणी अशी सोंगे घेणारी सामान्य माणसे जमली आहेत. वेश थोरांचे, तोंडची भाषा आणि पोटातले हेवेदावे मात्र गल्लीतले. सुरुवातीला आपण हसतो. पुढे ध्यानात येते की वेश आणि माणूस यांच्यातली फट भरून निघणारच नाही. वेशाला आता आत कुणी असण्याची गरजच उरलेली नाही. खानांचा विनोद कधी कधी अर्थ जरा मोठ्याने सांगून टाकतो, हे मान्य केले पाहिजे. तरी मिरवणुकांचे राजकारण मराठी रंगभूमीवर इतक्या नेमकेपणाने त्याआधी क्वचितच आले असेल. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या मुंबईच्या दंगली तेव्हा ताज्या स्मरणात होत्या, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे. त्यावाचून नाटकातली भीती नुसती फार्सची वाटेल.

जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. निमित्त शिवचरित्रावरील एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचे होते. नंतरच्या काळात शिवाजीमहाराजांविषयी नाटक लिहायचे म्हणजे हातात निखारा धरण्यासारखे होते. राजकुमार तांगडे यांनी तो धरला. ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) या नाटकाची मूळ कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातली शेतकरी पोरे. यमराज महाराजांना न्यायला येतो. पण त्यांचे विचार ज्यात आहेत तो जिरेटोपच हरवतो, आणि तो कुणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध सुरू होतो. महाराज स्वतः नाटकाच्या मध्यभागी नाहीत. आहे तो त्यांचा जिरेटोप आणि त्यावर हक्क सांगणारी माणसे. ‘शोभायात्रा’त वेश आहे आणि आत कुणी नाही, इथे टोप आहे आणि त्या मापाचे डोके सापडत नाही. दोन्ही नाटकांत इतिहासपुरुष स्वतः बोलत नाही, हा कानेटकरांपासूनचा मोठा पालट आहे, आणि आमच्या मते तो वर्गात शिकवण्याजोगा आहे. हे नाटक नुसते वाचले तर निम्मे हाती लागते. त्यातली गाणी कागदावर थंड पडतात. जलसा काय असतो हे विद्यार्थ्यांना आधी ऐकवावे लागेल.

त्याच वर्षी अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे महात्मा फुले यांच्यावरील नाटक पुण्यातल्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले. संहिता जुनी होती, बोलणारी तोंडे नवी. शेतकरी शिवाजीमहाराजांविषयी बोलतात आणि झाडूवाले फुल्यांविषयी, हे एकाच वर्षी घडावे हा योगायोग असेलही. पण फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ दक्षिणा प्राईज कमिटीने नाकारले होते आणि ते छापून यायला शतकाहून अधिक काळ लागला, हे आठवले की त्या योगायोगाला वजन येते. कीर्तन्यांचे नाटक पहिले ठरते ते काही अंशी छापले गेले म्हणून. आजच्या प्रायोगिक नाटकांतही प्रयोग थांबला आणि पुस्तक निघाले नाही तर नाटक इतिहासातून गळते. ग्रंथपालाकडे एखाद्या नव्या संहितेची मागणी नोंदवणे हे म्हणूनच शिक्षकाचे काम आहे.

ही नाटके वाचून झाल्यावर जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) घ्यावे, ते कालक्रमाने आधीचे असले तरी. त्यात वेशही नाहीत आणि टोपही नाही. इतिहास असा शब्द कुणी उच्चारण्याच्या परिस्थितीतच नाही. गिरणगावातली एक खोली, एक आई, हाताला काम नसलेले मुलगे. घराबाहेर जे घडून गेले ते १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार तेव्हा बाहेर पडले होते. पवारांनी संप रंगमंचावर आणला नाही. तो जेवणाच्या ताटावर, भावाभावांतल्या शिवीगाळीत आणि आईच्या कष्टाच्या हालचालींत ठेवला. ‘भाऊबंदकी’तले घर फुटते ते गादीसाठी, इथे फुटायला गादीच नाही. ही दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून वाचून पाहावीत. आमच्या मते या यादीतले हेच सर्वांत समर्थ नाटक. पवार २०२१ साली गेले. ज्या संपाच्या सावलीत त्यांनी हे घर उभे केले, तो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही.