गोड जागेचा पत्ता

गोल्फ हा खेळ मी खेळत नाही, मी तो ऐकतो. आमचे मेहुणे बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी काठ्यांची पिशवी घेऊन मैदानावर जातात आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन तोच खेळ पुन्हा तोंडाने खेळतात. सकाळच्या खेळाला अठरा भोकांची मर्यादा असते, संध्याकाळच्या खेळाला ती नाही. ऐकून ऐकून माझी खात्री झाली आहे, की गोल्फमधलं निम्मं दुःख चेंडू मारायच्या आधीच उरकलेलं असतं.

ह्या आधीच्या अवस्थेला 'ॲड्रेस' म्हणतात. आपल्याकडे ॲड्रेस म्हणजे 'दुसरा जिना, डावीकडे, नळासमोरची खोली.' गोल्फमध्ये ॲड्रेस म्हणजे चेंडूसमोर पाय रोवून, काठीचं डोकं चेंडूमागे टेकवून, आता मारतोच अशा आविर्भावात न मारता उभं राहणं. त्या डोक्यावर एक जागा असते. तिचं नाव 'स्वीट स्पॉट', म्हणजे गोड जागा. ती चेंडूच्या बरोबर मागे आणायची. झालं! चेंडू तर बिचारा जमिनीवर निपचित पडलेला असतो. तरीही माणसं चुकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या चुकत आली आहेत. 1457 साली स्कॉटलंडच्या राजाने लोक तिरंदाजी सोडून हेच करत बसतात म्हणून गोल्फवर बंदी घातली होती. चुकणाऱ्यांनी तीही मानली नाही.

गोड जागा म्हणजे काय, हे विटीदांडू खेळलेल्याला शिकवायला नको. विटी दांडूच्या टोकाला लागली की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, आणि एका विशिष्ट जागी लागली की हाताला पत्ता लागत नाही, फक्त विटी शेजारच्या वाड्यात. पण दांडू सरळ असतो. क्रिकेटच्या बॅटचा दांडाही पात्याच्या मधोमध बसवलेला असतो. गोल्फची काठी मात्र मुळातच वाकडी. दांडा डोक्याच्या एका कडेला आणि गोड जागा त्याच्यापासून बाजूला, डोक्याच्या वजनाचा मध्य जिथे असेल त्याच्या समोर. मालक एकीकडे आणि सही दुसऱ्याची, असा हा कारभार. चेंडू त्या जागेपासून सेंटिमीटरभर सरकून लागला की डोकं हातातल्या हातात पिळवटतं आणि चेंडू आपल्या मनाने चालू लागतो.

ही जागा शोधायची रीत सोपी आहे. काठी दोन बोटांत सैल लटकत धरायची आणि तोंडावर नाण्याने टिचक्या मारत जायचं. जिथे डोकं न फिरता सरळ मागे जाईल ती जागा. मेहुण्यांनी हा प्रयोग आमच्या स्वयंपाकघरातल्या डावावर करून दाखवला. तिसऱ्या टिचकीला ही म्हणाली, "दादा, तो डाव इकडे दे, आमटी वाढायचीय." शास्त्राची प्रगती आमच्या घरात नेहमी इथवरच होते.

बरं, ॲड्रेसच्या वेळी जागा नेमकी जुळवली, तरी ती परत तिथेच येईल ह्याची हमी कुणाची? लांब मारायची काठी चांगला खेळाडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर फिरवतो. त्या झोतात हात ताणले जातात, दांडा लवतो, डोकं खाली झुकतं. चेंडूशी भेट म्हणाल तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाची! कॅनडाचा मो नॉर्मन तर काठी चेंडूमागे टेकवायचाच नाही. चांगली फूटभर मागे ठेवायचा. आणि सरळ मारण्यात त्याचा हात धरणारे फारसे कुणी झाले नाहीत. पत्ता अर्धवट लिहूनही ज्याचं पत्र पोचतं, असा तो माणूस.

भोकाजवळच्या हळू फटक्यात मात्र जुळवणीचा उपयोग होतो, म्हणून खरी खटपट झाली ती पटरवर. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे गृहस्थ होते. 1902 साली त्यांनी सरळ विचार केला, की दांडा कडेला कशाला, मध्याजवळच बसवू. वॉल्टर ट्रॅव्हिस 1904 साली इंग्लंडात सँडविचला गेला आणि ॲल्युमिनियमचा तसला पटर उसना घेऊन तिथली अमॅच्युअर स्पर्धा जिंकला. वय बेचाळीस, तोंडात काळा चिरूट. यजमानांना दोन्ही आवडलं नाही. 1910 साली सेंट अँड्र्यूजच्या वडीलधाऱ्यांनी तसल्या पटरवर बंदी घातली. पोटदुखीमुळे घातली असं अमेरिकन सांगतात. मला ते पुरतं पटत नाही. न्यूझीलंडच्या एका क्लबाने क्रोकेची मोगरी चालेल का, असं विचारलं होतं, आणि उत्तर देता देता हाही पटर त्यात सापडला. पण पोटदुखी अगदीच नसेल असंही नाही, कारण बंदी उठायला 1951 साल उजाडलं.

दुसरा गृहस्थ योगायोगाने त्याच कंपनीतला. कार्स्टन सोलहाइम, जन्म 1911, नॉर्वेचा. बाप चांभार, मंदीत शिक्षण सुटल्यावर ह्यानेही जोडे शिवले आणि पुढे इंजिनियर झाला. गोल्फ हाती धरला तो बेचाळिसाव्या वर्षी, आणि पटिंग काही केल्या जमेना. आपण अशा वेळी नशिबाला दोष देतो. ह्याने काठीला दिला. जागा हलवता येत नसेल तर चूक स्वस्त करू, असं त्याने ठरवलं. डोक्याचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना ठेवलं, की मध्य चुकला तरी डोकं कमी पिळवटतं. 1959 साली गॅरेजमध्ये पटर तयार झाला. चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच नाव पडलं. पुढच्या पटरचं चित्र त्याने ग्रामोफोनच्या तबकडीच्या पाकिटावर काढलं. नाव बायकोने सुचवलं, 'आन्सर'. पटरवर ते मावेना, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला डब्ल्यू काढा, असंही तिनेच सांगितलं. हे 1966 सालचं.

1967 साली, पंचावन्नाव्या वर्षी, सोलहाइमने कंपनीची पक्की नोकरी सोडली. मेहुणे हे सांगताना नेहमी आवाज खाली आणतात. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यातली जोखीम बरोबर कळते. 1969 साली जॉर्ज आर्चरने तोच पटर वापरून मास्टर्स स्पर्धा जिंकली. आज जवळजवळ प्रत्येक कंपनी त्या आकाराचा पटर विकते. मूळ कारखान्याच्या पटरवर तो डब्ल्यू मात्र अजून कुणी परत बसवलेला नाही.