मिनर्व्हात नेमकं काय दिसलं?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ लागला आणि पुढची पाच वर्षं तिथे कुठल्या ना कुठल्या खेळाला चालू राहिला. ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाज ही त्याची मिरवण्याची गोष्ट होती. आज त्या ७० एमएम प्रतींपैकी एकही शिल्लक नाही. त्यामुळे मिनर्व्हाच्या पडद्यावर प्रेक्षकांनी नेमकं काय पाहिलं, हे ठरवायचं तर इतर पुराव्यांवरूनच ठरवावं लागतं.

पहिला पुरावा जाहिरातीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये असं सांगतो. अनुपमा चोप्रा यांचं चित्रपटाच्या निर्मितीवरचं पुस्तक २००० साली आलं. विलायतेत तयार झालेल्या ७० एमएम प्रती कस्टममध्ये अडकल्या आणि प्रीमियरचा खेळ ३५ एमएम प्रतीवर करावा लागला, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे पहिल्या रात्रीच्या निमंत्रितांना ज्या भव्यतेचा गाजावाजा झाला होता, ती दिसलीच नाही. ती वाट्याला आली नंतर तिकीट काढून आलेल्यांच्या.

ती भव्यता कशी तयार झाली, हेही नीट समजून घ्यायला हवं. खऱ्या ७० एमएम चित्रपटाचं चित्रीकरण ६५ मिलिमीटर रुंदीच्या निगेटिव्हवर होतं. ‘शोले’चं चित्रीकरण साध्या ३५ एमएमवर झालं आणि प्रयोगशाळेत चित्र मोठं करून ७० एमएम प्रती काढल्या गेल्या. प्रतीच्या कडांनी चुंबकीय पट्टे असत आणि त्यांवर आवाजाचे सहा स्वतंत्र मार्ग नोंदलेले असत. ३५ एमएम फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, ७० एमएम साडेएकशे बारा फूट. तीन तासांच्या चित्रपटाला वीस हजार फुटांहून अधिक फिल्म लागणार, तीही दुप्पट रुंद. अशी प्रत महाग पडते, जड असते आणि ती चालवणारी यंत्रं मोजक्याच थिएटरांत असतात. शिवाय चुंबकीय पट्टा प्रत्येक खेळाला यंत्राच्या हेडवर घासला जातो. पाच वर्षं रोज चालणाऱ्या चित्रपटाच्या प्रतींचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

चौकटीचा पुरावा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांचे सहायक कमलाकर राव यांनी पुढे चित्रपटाचं पुनरुज्जीवन करणाऱ्यांना सांगितलं, की चित्रीकरण अ‍ॅरी २-सी कॅमेऱ्यावर झालं आणि ७० एमएमची चौकट कुठे संपते याच्या रेषा ग्राउंड ग्लासवर आखून घेतल्या होत्या. ३५ एमएमच्या उंच चौकटीत वरखाली जे काही उमटलं, ते निगेटिव्हवर आहे, पण दिवेचांच्या लेखी ते चित्राचा भाग नव्हतं. एकास २.२ हे रुंदीचं प्रमाण अंदाजाने ठरलेलं नाही, काम करताना डोळ्यांसमोर असलेल्या रेषांवरून ठरलेलं आहे. एका सहायकाने ही गोष्ट इतकी वर्षं लक्षात ठेवली, याचं मोल मोठं आहे. निगेटिव्ह कितीही तपासलं तरी त्या रेषा त्यात सापडल्या नसत्या.

निगेटिव्हची अवस्थाही फार वाईट होती. सिप्पी फिल्म्स आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांनी २०२२ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा मूळ कॅमेरा निगेटिव्हला व्हिनेगर सिंड्रोमने ग्रासलेलं होतं. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्णता आणि दमटपणा यांनी विघटित होते, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि सुटलेलं आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. डबा उघडला की शिरक्याचा आंबट वास येतो. फिल्म आकसते, वाकडी होते, इमल्शन सुटू लागतं. त्यात ‘शोले’च्या निगेटिव्हवर उभे, खोल ओरखडे होते. मग आधार घेतला तो १९७८ च्या इंटरपॉझिटिव्ह प्रतींचा. त्या लंडनमध्ये आणि मुंबईत सापडल्या. मिनर्व्हात खेळ चालू असतानाच त्या काढलेल्या आहेत, तेव्हा निगेटिव्ह ताजं होतं. बोलोन्याच्या लिमॅजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत जवळजवळ तीन वर्षं काम चाललं आणि २७ जून २०२५ रोजी तिथल्याच पियात्सा माज्जोरे चौकात नवी प्रत दाखवली गेली.

इथवरचा पुरावा भक्कम आहे. प्रश्न शेवटाचा आहे. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार मारतो. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागू झाली. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला मान्य झालं नाही आणि शेवट पुन्हा चित्रित करून गब्बरला पोलिसांच्या हवाली केलं गेलं. मिनर्व्हातल्या प्रेक्षकांनी पाच वर्षं हाच शेवट पाहिला. नव्या प्रतीत मूळ शेवट परत आला आहे आणि गाळलेले दोन प्रसंगही. दिग्दर्शकावरचा अन्याय दूर झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवायला हवी: या प्रतीची चौकट १९७५ ची आहे, कथानक मात्र १९७५ साली थिएटरात कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या जुन्नर भागातल्या माणसाला असे थर ओळखीचे असतात. लेण्याद्रीचं सातवं लेणं म्हणजे खांब नसलेला प्रशस्त बौद्ध विहार. त्याच्या तिन्ही भिंतींत भिक्षूंच्या खोल्या आहेत आणि मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांच्या जागी गिरिजात्मज विराजमान आहे. शेजारच्या चैत्यगृहावरच्या शिलालेखात कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याच्या दानाची नोंद आहे. विहार खरा आणि देऊळही खरं. इतिहास लिहिणाऱ्याने कुठलं काम केव्हाचं ते सांगावं, एक थर खरवडून दुसरा खरा ठरवू नये.

चित्रपटाच्या बाबतीत अशी गल्लत आपल्याकडे एकदा झालेली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली ‘राजा हरिश्चंद्र’ची १४७५ फूट फिल्म वर्षानुवर्षं १९१३ च्या चित्रपटाची म्हणून दाखवली गेली. पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून ती रिळं मिळवली नसती, तर पाहायला काहीच उरलं नसतं. पुढे वीरचंद धरमसी यांनी दाखवून दिलं, की ही रिळं फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची असावीत. मला हे म्हणणं पटतं. एकाच माणसाने एकच कथा दोनदा चित्रित केली आणि डब्यावर कोणती ते लिहिलेलं नसलं, की असं होतं.

‘शोले’च्या बाबतीत तर दोन आवृत्त्यांवरही भागत नाही. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत ७० एमएम यंत्र नसायचं. तिथे यायची ती ३५ एमएमची, शहरं फिरून झिजलेली प्रत. फिल्म तुटली की ऑपरेटर फाटलेला तुकडा कापून दोन टोकं जोडायचा आणि प्रत्येक जोडाला काही चौकटी कायमच्या जायच्या. गावाने पाहिलेला चित्रपट शहराने पाहिलेल्यापेक्षा थोडा आखूडच असणार. कापाकापीबद्दल बोलतोच आहे तर संकलक मा. स. शिंदे यांचं नाव घ्यायलाच हवं. ‘शोले’ला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर पारितोषिक त्यांचं. सचिन पिळगांवकरांच्या अहमदची हत्या चित्रित झाली होती. पडद्यावर मात्र गब्बर हातावरची मुंगी मारतो आणि पुढे गावात घोड्यावरून येतं ते अहमदचं प्रेत. ही काटछाट चित्रपटाला लाभली, असं माझं मत आहे.

म्हणून नव्या प्रतीच्या सुरुवातीलाच तिचा वंश लिहिलेला असावा: कोणतं रीळ निगेटिव्हवरून घेतलं, कोणतं १९७८ च्या प्रतीवरून, शेवट कोणता, गाळलेले प्रसंग कुठे जोडले. आणि पोलीस येऊन थांबवतात तो शेवटही तितक्याच काळजीने दुरुस्त करून, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासह, स्वतंत्र प्रत म्हणून जपला जावा. आणीबाणीत एका चित्रपटाला काय बदलावं लागलं, याचा तोच अस्सल कागद आहे, आणि तोही त्याच अ‍ॅसिटेटच्या फिल्मवर आहे.