मुंबई इलाख्यातील वनचराईचे नियमन : हक्काकडून परवान्याकडे

प्रस्तावना

वनभूमीवर किती जनावरे, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या हंगामात आणि किती शुल्क घेऊन चारू द्यावीत, हा वरवर पाहता वनव्यवस्थापनाचा तांत्रिक प्रश्न वाटतो. तथापि या प्रश्नांची उत्तरे कोणी द्यावयाची, हा मुळात सत्तेचा प्रश्न होता. वसाहतकालीन वनकायद्याने रूढीने चालत आलेल्या चराईचे रूपांतर शासनाच्या परवानगीत कसे केले आणि त्याची झळ फिरस्त्या पशुपालकांना अधिक का बसली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हक्क आणि सवलत

1864 मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले व 1865 मध्ये पहिला वनकायदा आला. त्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने अधिकाऱ्यांतच मतभेद झाले. गावकऱ्यांच्या वहिवाटीला काही प्रमाणात मान्यता द्यावी, असा ब्रँडिस यांचा कल होता. याउलट, शासनाने स्पष्टपणे मान्य केलेला नसेल तो वापर हक्क नसून केवळ सवलत होय, अशी बेडन-पॉवेल यांची भूमिका होती. 1878 च्या कायद्यावर या दुसऱ्या भूमिकेची छाप पडली. राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे वर्ग करण्यात आले व राखीव वनात परवानगीवाचून गुरे चारणे हा गुन्हा ठरला. सवलत कोणत्याही क्षणी काढून घेता येते, हक्क तसा काढून घेता येत नाही. चराई परवान्याचे सारे राजकारण या भेदात सामावलेले आहे.

कायद्याची कार्यपद्धती

1878 ची चौकट पुढे 1927 च्या भारतीय वन अधिनियमात कायम राहिली. त्यानुसार राखीव वनाच्या उद्घोषणेनंतर दावे मांडण्यास किमान तीन महिन्यांची मुदत असे. मुदतीत न मांडलेले हक्क नष्ट होत. विलंबाचे पुरेसे कारण पटवून देण्याची सोय होती. पण पावसाळा संपताच घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या धनगरांच्या वाड्याला ती उद्घोषणा कळणेच दुरापास्त होते. दावा मान्य झाला तर वन जमाबंदी अधिकारी जनावरांची संख्या, त्यांचा प्रकार आणि चराईचा हंगाम नोंदवीत असे. स्थिर गावाला ही नोंद काही अंशी उपयोगी होती. ज्याचे अर्थकारण पाऊस, चारा आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याच्या करारांवर अवलंबून होते, त्याच्या मार्गाला मात्र या नोंदीत जागा नव्हती.

दंडाची तरतूदही अशीच बोलकी आहे. राखीव वनात शिरलेले जनावर हे सार्वजनिक लागवडीचे नुकसान करीत आहे असे गृहीत धरून ते 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यानुसार कोंडवाड्यात घालता येई. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नव्हती. 1927 च्या अधिनियमाने दंडाची कमाल मर्यादा म्हशीस 2 रुपये, बैल वा गायीस 1 रुपया आणि मेंढी वा शेळीस 8 आणे अशी ठरविली. दर जनावरामागे पाहता मेंढीचा दंड सर्वांत हलका दिसतो. परंतु बैलजोडीच्या धन्यास जेथे जास्तीत जास्त 2 रुपये द्यावे लागत, तेथे 200 मेंढ्यांच्या कळपास 100 रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता.

विरोध आणि माघार

या धोरणाला विरोध झाला नाही असे नाही. ग्रामस्थांना विश्वासात घेऊनच वने अधिक सुलभतेने राखता येतील, असे पुणे सार्वजनिक सभेने प्रतिपादले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगर व गायराने जंगलखात्यात गेल्याने गरीब शेतकऱ्याचा जनावरांवरील आधार तुटल्याचे दाखविले. 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. 1894 च्या वनधोरणाने चराऊ जमिनी हा वनांचा स्वतंत्र वर्ग मानला. ही माघार महत्त्वाची असली तरी ती सवलतीच्या मर्यादेतच होती.

वनाधिकाऱ्यांची बाजू सर्वस्वी निराधार नव्हती. कोवळी रोपे गुरांच्या तोंडी पडल्यास जंगलाचे पुनरुज्जीवन खुंटते आणि काही क्षेत्रे काही वर्षे बंद ठेवणे आवश्यक ठरते. प्रश्न बंदीचा नव्हता; ती कोणाशी विचारविनिमय करून घालावयाची, हा होता.

निष्कर्ष

2006 च्या वनहक्क कायद्याने स्थिर तसेच स्थलांतरित चराई आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वावर हे सामुदायिक हक्क म्हणून मान्य केले. सुमारे सव्वाशे वर्षांनी ‘सवलत’ या शब्दाची जागा पुन्हा ‘हक्क’ या शब्दाने घेतली. मात्र दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि कळपाची वाट अनेक ग्रामसभांच्या हद्दींतून जाते. 2012 च्या सुधारित नियमांनी अशा समूहांचे दावे दाखल होण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी जिल्हास्तरीय समितीवर टाकली, ती याच अडचणीची कबुली होय. वसाहतकालीन परवान्याने जनावरे मोजली, वाट मोजली नाही. ही उणीव भरून निघाल्याशिवाय कायद्याने दिलेला हक्क फिरस्त्या पशुपालकाच्या व्यवहारात उतरणे कठीण आहे.