कोडं आणि कोड

मराठीत प्रश्न विचारतात, परीक्षा घेतात, पण कोडं घालतात. साद घालतात, गाऱ्हाणं घालतात, पाहुण्याला जेवू घालतात, तसंच कोडंही घालतात. या क्रियापदात समोरचा माणूस गृहीत आहे आणि त्याच्या पुढ्यात आपलं काही ठेवण्याची आपुलकीही आहे. ‘प्रश्न विचारू का?’ म्हटलं की मूल सावरून बसतं. ‘कोडं घालू का?’ म्हटलं की जवळ सरकतं.

हा फरक शब्दाच्या कुळातूनच आला आहे. प्राकृतात ‘कोड्ड’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ कुतूहल, नवल. जुन्या मराठीत ‘कोड’ म्हणजे कौतुक, आवड, हौस. आज हा शब्द एकटा क्वचित भेटतो, पण जोडीने सारखा भेटतो: लाडकोड, कोडकौतुक, कोड पुरवणं. कोडं हे याच घरातलं भावंड. ज्याचं नवल वाटावं, जे उलगडायची हौस वाटावी, ते कोडं. (अंगावर पांढरे डाग पडतात ते कोड वेगळं. ते संस्कृत ‘कुष्ठ’ शब्दावरून आलं, त्याचा या घराशी काही संबंध नाही.)

आता दुसरा शब्द पाहा, कूट. गणिताच्या पुस्तकांत ‘कूटप्रश्न’ असं भारदस्त शीर्षक असतं. संस्कृतात कूट म्हणजे शिखर, ढीग, आणि सापळा, कपटसुद्धा. कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज, कूटनीती म्हणजे आतल्या गाठीचं राजकारण. महाभारत सांगताना व्यासांनी मधूनमधून कूट श्लोक घातले, म्हणजे लिहिणारे गणपती अर्थ लागेपर्यंत थांबतील आणि तेवढ्यात आपल्याला पुढचं रचता येईल, अशी कथा आहे. तिथेही कूट म्हणजे समोरच्याला अडवून धरणारी गोष्ट. दाण्याचं कूट मात्र कुटण्यावरून आलेलं, त्याच्यात कपट नाही.

म्हणजे एकाच प्रश्नाला मराठीत दोन नावं आहेत. एकाच्या पोटात कौतुक आहे, दुसऱ्याच्या पोटात सापळा. नऊ-दहा वर्षांच्या मुलापुढे गणित ठेवताना आपण यातलं कोणतं ठेवतो, हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, आणि तो सगळ्यांत जास्त जाणवतो हरसूलसारख्या ठिकाणी.

हरसूल नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. भात, नागली, वरईचा मुलूख. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांची वस्ती. घरची बोली एक, शाळेतली मराठी दुसरी आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातली तिसरी. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न असतात, वेळ दीड तास. भागाकार केला तर एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात. त्यात वाचायचं, समजून घ्यायचं, उत्तर काढायचं आणि गोल रंगवायचा. एवढ्या वेळात नवल वाटायला जागा उरत नाही. कोडं असलं तरी त्याचं कूट होतं.

त्यात ‘शाब्दिक उदाहरण’ आलं की घोटाळा दुप्पट होतो. स्पर्धेच्या पुस्तकांतलं ठरलेलं उदाहरण घ्या: अमुक लांबीची आगगाडी खांब ओलांडायला इतके सेकंद घेते, तर फलाट ओलांडायला किती? हरसूलच्या आसपास रेल्वेचा रूळ नाही. ज्याने फलाट पाहिलेला नाही, ते मूल गाडीची लांबी फलाटाच्या लांबीत का मिळवायची यावर अडतं. त्याला बेरीज येत नसते असं नाही. त्याला ते दृश्य दिसत नसतं. तीच गाडी काढून तिथे गुरांची लांबलचक रांग ओढा ओलांडते आहे असं म्हणा. शेवटचं शेपूट पाण्याबाहेर येईपर्यंत रांग ओढ्यातच आहे, हे तिथलं मूल आपल्यालाच सांगेल.

गंमत अशी, की कोड्याला कौतुकाकडे परत नेणारा माणूस नाशिक जिल्ह्यातच होऊन गेला, आणि तो शाळामास्तर होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. 1905 साली डहाणूला जन्म, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आणि 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत शिक्षक. त्यांनी संख्यांशी खेळण्यात आयुष्य घालवलं आणि जे सापडलं त्याला आपल्या भाषेतली नावं दिली. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं. हर्ष देणारी ती हर्षद. 12 घ्या: 1 आणि 2 मिळून 3, आणि 12 ला 3 ने भाग जातो. 13 घ्या: बेरीज 4, भाग जात नाही. चौथीतलं मूल हे करू शकतं आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ‘हर्षद’ हा शब्द छापला जातो. जाणकारांनी बरीच वर्षं कापरेकरांच्या कामाला नुसता खेळ मानलं. मार्टिन गार्डनर यांनी 1975 च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला देवळाली कळली. संख्येला ‘आनंद देणारी’ असं नाव देणाऱ्या या माणसाला कोडं आणि कोड यांचं नातं कोणी समजावून द्यावं लागलं नसतं.

त्यांचा 6174 पुष्कळांना ठाऊक असतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच पुन्हा करत राहा. त्यांचं जन्मसाल 1905 घेऊ. 9510 वजा 0159, उत्तर 9351. मग 9531 वजा 1359, उत्तर 8172. पुढे 7443, 3996, 6264, 4176, आणि शेवटी 7641 वजा 1467, म्हणजे 6174. सात पायऱ्या झाल्या. यापेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. 6174 वर पोचलं की पुढे कितीही वजाबाक्या करा, तिथेच राहायला होतं. आणि ही संख्या स्वतः हर्षद आहे: अंकांची बेरीज 18, आणि 18 ने भागलं की 343 येतात, सात गुणिले सात गुणिले सात.

या खेळात पोरं पानंच्या पानं वजाबाक्या करतात. तेवढ्याच वजाबाक्या ‘स्वाध्याय’ म्हणून दिल्या असत्या तर अर्ध्या वर्गाला तहान लागली असती.

वजाबाकी हा शब्द दप्तरातला. वजा आणि बाकी, दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आलेले. बेरीजही फारसीची. गुणाकार आणि भागाकार मात्र संस्कृत. मिळवणं आणि घटवणं कारकुनांच्या हिशोबातून आलं, गुणणं आणि भागणं पंडितांच्या पोथीतून. या सगळ्यांत अस्सल घरचा शब्द आहे ‘हातचा’. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. पाटीवर मांडायच्या आधी तो एक खरोखर हाताच्या बोटावर धरला जायचा. मराठीत ‘हातचं राखून’ वागणं, बोलणंही आहे. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो मुलाला सांगतो की ते एक कुठे गेलेलं नाही, तुझ्याच हातात आहे.

अपूर्णांकांचे शब्द याहून दाट आहेत. पाव म्हणजे पाद, चौथा भाग. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. आणि साडेतीनला एक जुना शब्द होता, औट, म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. पूर्वी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्याबरोबर औटकीचाही पाढा पाठ करावा लागे. पाढा गेला, पण ‘औट घटकेचं राज्य’ उरलं, साडेतीन घटकांचं. याच जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगीला साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ म्हणतात. तीन पूर्ण आणि चौथं अर्धं, म्हणजे औटच. वणीला पायी जाऊन आलेल्या मुलाला साडेतीनचं गणित असं सांगून पाहा.

एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास यांतही वजाबाकी दडलेली आहे: एक ऊन वीस, एक ऊन तीस. पण ‘एकोणपन्नास’ ऐकून मूल 59 लिहितं, कारण कानावर ‘पन्नास’ पडलेलं असतं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांची तळमळ खरी होती. जोडाक्षरांच्या त्या नावांनी मुलं घाबरतात, हे त्या अनुभवाने सांगत होत्या. मला स्वतःला जुनी नावं टिकावीत असं वाटतं, पण त्यांची गुपितं मुलांना सांगितली जावीत या अटीवर. एकोणपन्नासच्या पोटात पन्नासातून एक उणे आहे, हे दाखवलं की त्या नावाचंच कोडं होतं, आणि ते घालता येतं.

आणखी एक कोडं मी हरसूलच्या बाजारातून घेतो. धान्याची जुनी मापं आठवा. चिपटं म्हणजे पाव शेर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आता कोडं: तुमच्याकडे हे प्रत्येक माप एकेकच आहे, आणि एक माप एकदाच भरायचं. एक चिपट्यापासून किती चिपट्यांपर्यंत नागली न चुकता देता येईल? मुलं आधी मांडून बघतात. तीन चिपटी हवीत तर चिपटं आणि मापटं. पाच हवीत तर शेर आणि चिपटं. अकरा हवीत तर अधोली, मापटं, चिपटं. हळूहळू लक्षात येतं की एकही संख्या अडत नाही, थेट 31 पर्यंत, आणि प्रत्येक संख्येला एकच मांडणी आहे. संगणकाच्या आत 0 आणि 1 यांची जी मोजणी चालते ती नेमकी हीच: माप घेतलं तर 1, नाही घेतलं तर 0. हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात दोनच्या घातांकांचं प्रकरण म्हणून येतं. पायली-अधोलीतून आलं तर त्याला प्रस्तावना लागत नाही.

बाजार आणि गणित यांची ही सोयरीक जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’ लिहिली. लीला म्हणजेही खेळच, आणि तिच्यातली उदाहरणं मोर, साप, भुंगे, बांबू यांची आहेत. त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तिथल्या 1207 सालच्या शिलालेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचं उत्पन्न या मठाला लावून दिलं आहे. त्या मालाला तिथे शब्द आहे ‘केणें’. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक लेख गणिताच्या शाळेचा खर्च बाजारातून कसा चालावा हे सांगतो. ही गोष्ट प्रत्येक गणित शिक्षकाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

शेवटी पुन्हा कापरेकरांकडे जातो, कारण त्यांचा एक शब्द त्र्यंबकच्या परिसरातल्या मुलांना आधीच ठाऊक असतो: स्वयंभू. कोणी घडवली नाही, आपोआप प्रकटली, अशी पिंडी. संख्यांतही अशा असतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. 15 मध्ये 1 आणि 5 मिळवले की 21 होतात, म्हणजे 21 ची आई 15. आता ज्या संख्येला अशी आईच नाही ती स्वयंभू. देवळालीत सापडल्या म्हणून यांना देवळाली संख्याही म्हणतात. 20 ही अशी एक. एक अंकी संख्यांपासून मिळतात त्या सगळ्या सम आणि 18 पर्यंतच. 10 ते 19 पासून मिळतात त्या सगळ्या विषम. 20 पासून सुरू केलं तर थेट 22. मधले 20 कोणाच्याच वाट्याला येत नाहीत.

पाचवीच्या मुलांना ही यादी करायला द्यावी. 1, 3, 5, 7, 9, मग 20, 31, 42, 53, 64, 75, 86, 97. शंभराच्या आत तेरा. 20 पासून पुढे अकरा-अकराची उडी दिसायला लागते. 97 मध्ये 11 मिळवले की 108, आणि 108 सुद्धा स्वयंभूच निघते. मग मुलं खुशीत पुढची संख्या 119 लिहितात. तपासून बघतात तर 119 ची आई सापडते, 109. खरी पुढची स्वयंभू संख्या 110 आहे. अकराची उडी नेमकी तिथेच का मोडली, याचं उत्तर 99 नंतर अंकांच्या बेरजेचं काय होतं यात आहे, आणि ते शोधायला 72 सेकंद पुरत नाहीत.